ऐकू आलेलं इंग्रजी

“शिकलेलं विसरता येतं का, बाई?”

रंगनाथ बोरुड्यांनी दारात उभं राहूनच विचारलं. चपलाही काढल्या नव्हत्या.

एस्तेरबाई आढाव टीव्हीसमोर बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे. नगरमधल्या एका शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं होतं. त्यांनी टीव्ही बंद केला.

“काय विसरायचंय?”

“इंग्रजी.”

“आत या. बसा.”

ते बसले. बाईंनी घाई केली नाही…

दिवाळीनंतर याच खोलीत ते पहिल्यांदा आले, तेव्हा असे नव्हते. ताठ बसले होते. एसटीच्या वर्कशॉपमधून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेला माणूस. बायको गेलेली. मुलगा सुहास कॅनडात. सून क्लेअर तिकडचीच. आणि नात नोरा. तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता.

“नातीशी बोलायचंय,” ते तेव्हा म्हणाले होते. “व्याकरण नको, बाई. कान तेवढा तयार करून द्या. तसा माझा कान पक्का आहे. गाडी आवारात शिरली की नुसत्या आवाजावरून सांगायचो, काय बिघडलंय ते.”

बाईंनी पुस्तक उघडलंच नाही. टीव्हीवर एक इंग्रजी मालिका लावली. आधी आवाज बंद करून प्रसंग दाखवला. नुसते चेहरे. मग पडद्यावर टॉवेल टाकला आणि तोच प्रसंग ऐकवला. पुन्हा. परत पुन्हा. स्वयंपाकघरातलं भांडण, दवाखान्यातली कुजबुज, दारात उभ्या उभ्या घेतलेला निरोप.

रंगनाथराव खरंच हुशार निघाले. उन्हाळा लागेपर्यंत त्यांना अर्धवट गिळलेले शब्दसुद्धा ऐकू यायला लागले. बोलणाऱ्यानं पाठ फिरवली तरी.

“आता माझं काही अडत नाही,” एकदा ते म्हणाले. “सुहासला सांगितलेलं नाही हं. एकदम चकित करणार आहे. आणि पहिलं वाक्य बोलणार ते नोराशी.”

“बोलून पाहिलंत?”

“समजतंय ना सगळं. बोलणं काय, येईल तोंडात.”

त्यानंतर रंगनाथराव यायचेच थांबले…

आणि आज आले होते, ते असे.

“रविवारी व्हिडिओ कॉल झाला,” शेवटी ते म्हणाले. “तिघंही समोर होती. मी नेहमीसारखं विचारलं, तिकडच्या उन्हाळ्यात येऊ का रे? सुहास म्हणाला, बघू बाबा, व्हिसाचं चाललंय. आणि मग क्लेअरकडे वळून इंग्रजीत बोलायला लागला. माझ्यासमोरच. नेहमीच बोलतात ती दोघं तसं. मला कळत नाही ना…”

“काय बोलला?”

“म्हणाला, परत तेच सुरू झालं. ती म्हणाली, एकदाचं खरं सांगून का टाकत नाहीस त्यांना? तर हा म्हणतो, काय सांगू? की तुम्ही इथे नको आहात? राहू दे. व्हिसाचं कारण सांगत इतके दिवस काढले, पुढचेही निघतील. तसंही आता किती वर्षं राहिलीत त्यांची…”

बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. ती सुरू होत नव्हती.

“चेहरा हसरा होता हो त्याचा. माझ्याकडे बघून हसत होता, आणि बोलत होता हे.”

बाईंनी रिमोट बाजूला ठेवला.

“एकही शब्द सुटला नाही, बाई. टॉवेल टाकला असता तरी सुटला नसता. तुम्ही शिकवलंतच तसं…”

“हो. मी शिकवलं.”

“आधी किती बरं होतं. दर रविवारी वाटायचं, पोरगा माझ्याचबद्दल बोलतोय. बायकोला सांगत असेल, बाबांनी मला कसं वाढवलं. आठवडाभर मी त्यावर जगायचो. आता काय करू? परत आंधळं-बहिरं होता येत नाही.”

“नाही होता येत.”

“मग काही तरी सांगा!”

बाईंनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी हात लावला नाही.

“नात काय करत होती?” बाईंनी विचारलं.

“नोरा?” त्यांनी नजर खाली वळवली. “ती बघत होती माझ्याकडे. माझा चेहरा बदलला असणार. ती बापाला म्हणाली…”

“तिच्या शब्दांत सांगा.”

“डॅडी, ही अंडरस्टूड.”

उच्चार अगदी स्वच्छ होता. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

“मग?”

“सुहास हसला. मला मराठीत म्हणाला, बाबा, ऐकलंत का? नोरा म्हणतेय तुम्हाला इंग्रजी कळतं!” त्यांनी तांब्या बाजूला सारला. “सगळी माझ्याकडे बघत होती. नोरा पण. पुढे सरकून, अगदी स्क्रीनला नाक लावून…”

“आणि तुम्ही?”

“मी काय करणार? कळतं म्हणालो असतो, तर पोरगा जागच्या जागी मेला असता शरमेनं. मी हसलो. म्हटलं, छे रे, मला कुठलं येतंय इंग्रजी!”

“मग?”

“सुहासनं ते इंग्रजीत सांगितलं, तशी क्लेअर हसली. सुहास हसला. नोराच्या डोक्यावर टपली मारली त्यानं. ती उठून गेली. परत आली नाही समोर.”

…

“मुलाची लाज राखली मी, बाई. एवढं तरी बरोबर केलं ना?”

एस्तेरबाईंनी चष्मा काढला.

“त्या घरात तुमच्याबद्दल खरं बोलणारं एकच माणूस होतं, रंगनाथराव. त्यालाच तुम्ही खोटं पाडलंत.”