अळणी राजे आणि निळी नाणी

एका राज्यात मीठ उदंड पिके. पण धान्य, तेल, लोखंड काहीच नसे. ते तीन शेजारी राज्यांतून आणायचे, आणि शेजारी घेत फक्त निळी नाणी. ती नाणी एकटा मांत्रिक भृंगनाथ पाडी. राजा त्याच्याकडून उसनी घेई, शेजाऱ्यांना देई, संपली की पुन्हा उसनी घेई. मीठ विकायचे कोणाच्या मनातही आले नाही. राजाने विकत घ्यावे, विकू नये, अशी त्या घराण्याची रीतच होती.

व्याजापोटी मांत्रिकाने राजकन्या पोवळीचा आवाज नेला आणि आपल्या मैनेच्या गळ्यात घातला. एके सकाळी ती मैना सज्ज्यावर येऊन बसली.

"राणी, अमावास्येपर्यंत सारी नाणी परत आली नाहीत, तर पोवळीचेच नाणे होईल."

लेकीचा आवाज पाखराच्या चोचीतून ऐकला, आणि राणी हंसावतीने वळून पाहिले. मुकी पोवळी तिचा पदर धरून उभी होती. राणीने तिला उराशी धरले, आणि बैलांवर मिठाच्या गोण्या लादायला सांगितल्या.

राजा म्हणाला, "लोक हसतील."

"हसू देत. लेकीपुढे हसू कसलं?"

धान्याचा राजा पेटीवर बसला होता. पेटीत निळी नाणी, कुलपाच्या जागी नाग.

"महाराज, ही खर्चत का नाही?"

"अडीनडीला असावीत."

"सध्या काय नडलंय?"

"मीठ."

"म्हणजे नाणी बुडाखाली ठेवून अळणी जेवता?"

राजा ओशाळला, आणि मिठाच्या बदल्यात नाणी द्यायला उठला. नाग तर आधीच बाजूला सरकला होता. तोही अळणी दुधाला कंटाळलेला.

तेलाच्या राजाने नाणी अथांग विहिरीत लपवली होती. राणीने विहिरीत मीठ ओतले. पाणी जड झाले, नाणी तरंगत वर आली, आणि आणखी काही गोण्यांवर सौदा झाला.

लोखंडाच्या राजाने नाण्यांचे चिलखतच घातले होते. झोपेतही काढत नसे.

"मिठासाठी हे दिलं, तर उद्या काय?"

"उद्या मी मीठ आणीन, तुम्ही लोखंड द्या. मध्ये निळं नाणं कशाला?"

राजाने बराच विचार केला, आणि एकेक कडी सोडली.

अमावास्येला राणीने सारा ढीग मांत्रिकापुढे ओतला. तो हसला. "थोडी ठेव. पुन्हा लागतील."

"नाही लागणार."

एवढे म्हणताच नाण्यांचा निळा रंग उडाला, खाली खडे उरले. मैनेने चोच उघडली, तर नुसती किलबिल निघाली.

राणी घरी आली तेव्हा पोवळी ताटावर बसली होती. पहिला घास घेऊन तिने तोंड वाकडे केले.

"आई, वरण अळणी आहे."

विकण्याच्या भरात राणीने मुदपाकखान्यातलेही मीठ विकले होते. मग तिने शेजारणीकडून चिमूटभर उसने आणले. आणि मिठागरातली पहिली पाटी येताच, आधी ते परत केले.