हत्तीचा कान

सह्याद्रीत लेणी कोरली जात होती, त्या काळी सोमाक पाथरवटाकडे एक छिन्नी आणि एक हातोडा होता. छिन्नी शिवाच्या देवळात राबलेली, हातोडा भिक्खूंच्या विहारात.

"लोहार मला रोज नवी धार देतो," छिन्नी तोऱ्यात म्हणाली, "पण आतली मी तीच. देह बदलतो, आत्मा नाही."

हातोडा हसला. "माझा दांडा सातदा बदलला, डोकं दोनदा. कायमचा असा मी कुठे सापडतच नाही, बाई!"

वाद इतका रंगला की घाव तिरपा बसला आणि दगडातल्या हत्तीच्या कानाचा टवका उडाला.

"हे देहाचं काम. आत्म्याला डाग लागत नाही," छिन्नी पुटपुटली.

"घाव घालणारा हातोडा क्षणापूर्वीचा. तो आता कुठे आहे?" हातोडा म्हणाला.

तेव्हा हत्तीच बोलला, "केलेलं कर्म चुकत नाही, हे तर तुम्हा दोघांच्याही घरी शिकवतात ना? मग माझा कान कोण नीट करणार?"

दोघंही ओशाळले. तीन दिवस खपून त्यांनी तो कान मागे दुमडलेला कोरला, जणू हत्ती कुणाचं तरी ऐकायला वळलाय.

पुढे येणारा-जाणारा त्या कानापाशीच थबके. "कुणी घडवला हो हा?" असं कुणी विचारलं, की सोमाकच्या पिशवीतून दोन आवाज ताठ मानेने एकदम उठत,

"आम्ही!"