पोवळाक्का आणि नवा दिवा

काचेच्या एका पेटीत कुणीतरी समुद्र सांभाळला होता, तेव्हाची ही गोष्ट. तिथे एक जांभळं प्रवाळ होतं. पेटीतले सगळे त्याला पोवळाक्का म्हणत. तिच्या डोक्यावरची म्हातारी ट्यूब एक दिवस विझली आणि तिच्या जागी नवा एलईडी दिवा आला. आल्या आल्या त्याने आपलं सगळं तेज तिच्यावर ओतलं.

"अंग भाजतंय रे," पोवळाक्का म्हणाली. "जरा बेताने घे."

"त्या ट्यूबने तुला अर्धपोटी ठेवलं, अक्का. मी हात आखडता घेणार नाही."

आठवड्याभरात पोवळाक्का फिकुटली, मग दुधासारखी पांढरी झाली. दिवा हरखून गेला. "बघा, कशी उजळली!"

म्हातारा खेकडा दगडाआडून बाहेर आला. "उजळली नाही, बाबा. तिच्या अंगात इवले जीव राहायचे. तिचा रंग त्यांचा होता, आणि तिला भरवायचेही तेच. तुझ्या झळेने ते निघून गेले. आता ती उपाशी आहे."

दिवा एकदम मंद झाला, अगदी त्या ट्यूबइतका. "अक्का, आता बरं वाटतंय?"

पोवळाक्का तशीच पांढरी राहिली. त्या मंद उजेडात दिव्याला ती पहिल्यांदाच नीट दिसली.