शाळूचे मडके

एकदा एका वृद्ध शेतकऱ्याकडे एक तरुण शेती शिकायला येऊन राहिला, हेच मुळात नवल. त्या गावातून शेती सोडून जाणारेच सारे. बहुतेकांच्या जमिनी एका व्यापाऱ्याने घेतल्या होत्या आणि जिथे रब्बीची ज्वारी, शाळू, डुलायचा तिथे आता प्लॉटचे दगड उभे होते. वृद्धाचा मुलगाही शहरात होता. हे पाहून पाहून या शिष्याचाही धीर सुटला होता. दसरा झाला की आपणही निघायचे, असे त्याने ठरवले होते. फक्त सांगायचे धाडस होत नव्हते.

गावाची एकच ठेव उरली होती. पूर्वापार शाळूचे बियाणे राखेत कालवून, एका मडक्यात लिंपून देवळात ठेवलेले होते. राखण वृद्धाकडे होती. लोक त्याला हळदकुंकू वाहत, पेरत मात्र आताशा कोणी नसे. नवरात्रात त्यातले मूठभर घटाच्या मातीत घालायचे, दसऱ्याला कोंब टोपीत खोवायचे, की झाले.

त्या वर्षी घट फारच विरळ उगवला. लोकांनी मिळाले ते कोंब खोवले आणि सोने वाटायला निघून गेले. वृद्ध मात्र घटापाशी बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी मडके फोडले, सगळे बियाणे धोतराच्या ओच्यात घेतले आणि बैल जुंपायला निघाले.

गाव हवालदिल झाले. व्यापारी तर चिडलाच. "अहो, मी काचेची पेटी करून देणार होतो! पोरांना निदान बघायला तरी राहिलं असतं."

शिष्य वावरात धावत आला. "बाबा, निम्मं तरी मागं ठेवा. जमिनीत ओल बेताची आहे. हे गेलं तर पुन्हा कुठं मिळायचं नाही."

"पुढच्या घटापर्यंत ते जिवंत राहील असं वाटतं तुला?" वृद्ध म्हणाले. "अरे, घट ही देवीची पूजा, तशी बियाण्याची परीक्षाही. आपण पूजा धरून ठेवली आणि परीक्षा विसरलो. बी आतल्या आत मरतंय, हे घट दरसाल सांगत होता. बियाणं जपून टिकत नाही बाळा, पेरून टिकतं. शेतीचंही तेच. मातीत ते कदाचित मरेल, मडक्यात नक्की मरेल. भीती मलाही वाटते. पण माझ्या बापानंही भीतभीतच पेरलं."

मग पेरणीच्या पाभरीवर शिष्याने मूठ धरली आणि दाणे जपून जपून सोडले.

पुढे कितीतरी दिवस दोघे आभाळाकडे पाहत राहिले. अखेर कोंब आले. थोडेच आले, मधे मधे जमीन उघडीच होती.

"एवढ्याशाला कणसं धरतील, बाबा?"

"धरतीलही. पण दाणा भरला की पाखरं येतात. राखायला माणूस लागेल." वृद्ध एवढेच बोलले आणि त्यांनी शिष्याकडे पाहिलेही नाही.

शिष्य बांधावरून वावरात उतरला. मग त्याने विचारले, "बाबा, गोफण कुठं ठेवलीय?"