पुलावरची लाथ

“ही मुलगी लाथ मारायला शिकली कुठून?”

या एका प्रश्नाने रात्रभर माझा डोळा लागला नव्हता. पहाटे उत्तर सापडलं. ते कागदावर उतरवून दुपारी मी अणावकर सरांकडे गेले. सोबत आरोपी होती. माझी लेक शाल्मली, वय वर्षं आठ, गुडघ्याला पट्टी.

सरांनी आयुष्यभर आमच्या गावात फिल्म सोसायटी चालवली. सिनेमा बघायचा कसा, हे मला त्यांनीच शिकवलं. आता मी पालकांच्या एका पाक्षिकात मुलांच्या मालिकांची परीक्षणं लिहिते. ती कोणी वाचतं की नाही देव जाणे. पण लिहिताना घटकाभर वाटतं, आपल्याला काहीतरी कळतं.

“वाच,” सर म्हणाले.

मी घसा साफ केला.

“‘सुसाट मित्सू’ या जपानी ॲनिमेचा ताजा भाग निराशा करतो. घरोघरी गरम नूडल्स पोचवणारी मित्सू एका पुलापाशी येते. तिथला आडदांड पहारेकरी गावकऱ्यांना पलीकडे जाऊ देत नाही. मित्सू त्याला भिडते आणि पडते. उठते, पुन्हा पडते. तोच तो विनोद शेवटपर्यंत ताणला आहे. अखेर ती त्याच्या नडगीवर लाथ मारते. ही लाथ सर्वस्वी निष्कारण आहे. अशा निष्कारण हिंसेचा कोवळ्या मनावर...”

“थांब. हे कुणासाठी लिहिलंस?”

“शाळेसाठी, सर. हिने सहावीतल्या एका मुलाला लाथ मारली. नडगीवरच. उद्या मुख्याध्यापक बाईंनी बोलावलंय. सगळ्यांसमोर सॉरी म्हणायचं, नाहीतर गॅदरिंगच्या नाचातून नाव कापणार.”

“मी नाही म्हणणार सॉरी,” शाल्मली म्हणाली.

“बघितलंत? कालपासून हाच हेका. म्हणून हे परीक्षण मी बाईंपुढे ठेवणार. दोष मुलीचा नाही, मालिकेचा आहे. मग हिने एकदा सॉरी म्हटलं की मिटलं.”

“मित्सूचा पण दोष नाहीये.”

“तू गप्प बस गं!”

सरांनी समोरचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

“लाव तो भाग.”

मी मोबाइल तांब्याला टेकवून उभा केला. मित्सू पुलापाशी आली. पहारेकऱ्याने बाह्या सरसावल्या आणि माझं बोट सवयीने पडद्यावर गेलं. चित्रं भराभर पळू लागली.

“हे काय?”

“मारामारी आहे, सर. ती मी दुप्पट वेगाने बघते. कथा पुढे सरकली की पुन्हा नेहमीच्या वेगाने. पोळ्या करता करता बघायचं म्हणजे...”

“हे मी शिकवलं तुला?”

पोळ्यांचं नाव उगाच घेतलं, असं मला वाटलं.

सरांनी मोबाइल उचलला आणि शाल्मलीच्या हातात दिला.

“तू दाखव.”

तिने भाग मागे नेला. वेग पूर्ववत केला. मग बोट ठेवलं, पण मित्सूवर नाही. पहारेकऱ्याच्या पाठीमागे, पडद्याच्या अगदी कोपऱ्यात.

मित्सू पडली. पहारेकरी हसला, तिला आणखी झोडपायला एक पाऊल पुढे आला. कोपऱ्यात एक म्हातारी, कोंबडी काखोटीला मारून, चवड्यांवर पूल ओलांडून गेली.

मित्सू उठली, पुन्हा पडली, या वेळी जरा लांब. पहारेकरी आणखी पुढे आला. कोपऱ्यातून एक बाप गेला, खांद्यावर पोर घेऊन.

मित्सू पडत राहिली. गाव जात राहिलं.

मग पुलावर कुणाची तरी बकरी ओरडली. पहारेकऱ्याने कान टवकारले. मान वळायला लागली...

लाथ.

“आई गं!” करत तो पुन्हा मित्सूवर धावला. शेवटचा गावकरी बकरी ओढत पलीकडे पोचला. इकडे मित्सू चिखलात आडवी आणि नूडल्स तिच्या डोक्यावर.

सर खदाखदा हसले. शाल्मलीही हसली. माझ्या हातात तो कागद होता.

“निष्कारण?” सरांनी विचारलं.

“नाही, सर.”

“बरं. आता शाळेतलं सांग.”

“सांगितलं ना, हिने लाथ...”

“लाथेच्या आधीचं.”

मी हातातल्या कागदाकडे बघितलं.

“तू तिला काय विचारलंस?”

“विचारलं की... कुठून शिकलीस.”

“बाईंनी?”

“तेच.”

“तिच्या बाबांनी?”

“त्यांनीही तेच, सर. जरा मोठ्या आवाजात.”

सर खुर्चीचे हात धरून उठले. त्यांचे गुडघे कामातून गेलेत, जिन्याच्या दोन पायऱ्या चढायच्या तर वाटेत थांबतात. मी सावरायला पुढे झाले, तर त्यांनी मला हातानेच थांबवलं. कण्हत, भिंतीला धरत ते खाली बसले. शाल्मलीच्या समोर, फरशीवर.

“काय झालं होतं, बाळा?”

तिने आधी माझ्याकडे बघितलं.

“तो पाण्याच्या कूलरपुढे उभा राहतो, आजोबा. मोठ्यांचं झाल्याशिवाय आम्हाला भरू देत नाही. मग घंटाच होते.”

“मग?”

“मी जाऊन म्हटलं, सरक. त्याने ढकललं. मी पडले.”

“मग?”

“उठले. परत म्हटलं, सरक. परत ढकललं. मग मी जरा लांब पडले.”

सर पुढे झुकले.

“आणि तो?”

“तो पुढे आला. हसत होता. मागे आमच्या वर्गातल्या सगळ्या पाणी भरत होत्या.”

“हं... आणि लाथ?”

“वेदश्रीच्या हातून बाटली पडली. ठण्णकन. तो मागे वळायला लागला.”

तिच्या गुडघ्यावरची पट्टी मीच लावली होती. लावताना म्हटलं होतं, नीट चालता येत नाही का तुला?

“सर,” मी म्हटलं, “उद्या मी शाळेत काय सांगू?”

“मला काय विचारतेस? तुझ्या गुरू तिकडे बसल्यात.”

मी परीक्षणाची घडी करून तांब्याखाली सरकवली. खाली बसले. फरशी गार होती.

“शालू, तुझी बाटली भरली होती का गं?”

“नाही. मी पडत होते ना.”

“मग दिवसभर?”

“तशीच.”

सरांनी तांब्या उचलून तिच्यापुढे धरला. ती गटागटा प्यायली, हाताच्या पाठीने तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळली.

“उद्या बाईंच्या ऑफिसात तू पड, आई. मी तेवढ्यात पाणी भरून येते.”