माळ उतरवताना

एकदा, दिवाळी सरून त्रिपुरी पौर्णिमाही उलटून गेल्यावर, एक वृद्ध संस्कृत शिक्षक आपल्या घराच्या दर्शनी भिंतीवरची विजेच्या दिव्यांची माळ उतरवीत होते. तेवढ्यात त्यांचा जुना शिष्य मोरेश्वर आला. तो कापडाचा व्यापारी. संसारात मुरला तरी रविवारच्या पाठाला नियमाने येई. आज मात्र त्याचा चेहरा उतरलेला होता.

गुरुजींनी विचारल्यावर त्याने घरची हकिगत सांगितली. दरवर्षी धनत्रयोदशीला पिशवीतून माळेचा गुंता निघे, तो सोडवताना नवराबायकोत शब्दाने शब्द वाढे आणि लक्ष्मीपूजनापर्यंत अबोला टिके. आपल्याकडे दिवाळी आली हे शेजाऱ्यांना दिव्यांवरून नव्हे, आवाजावरून कळते, असे त्याची पत्नी हेमा म्हणे. यंदा मात्र ती भांडलीच नाही. पुढच्या वर्षीपासून दिवे लावायचे नाहीत, एवढेच तिने शांतपणे सांगितले. त्या शांतपणानेच मोरेश्वर धास्तावला होता.

गुरुजींनी सारे ऐकून घेतले आणि एक जाड पुठ्ठा त्याच्या हाती दिला. माळ यावर गुंडाळ, भिंतीतले आकडे मात्र तसेच राहू दे, म्हणाले.

तागे गुंडाळून मोरेश्वरचा हात बसलेला. दारालगतच्या विजेच्या बोर्डातून त्याने प्लग काढला, तिथूनच सुरुवात केली आणि पाहता पाहता सगळी माळ नीटनेटकी पुठ्ठ्यावर बसवली. गुरुजींनी ती निरखून पाहिली, कौतुकाने मान हलवली आणि पायरीवर बसून सगळी उलगडून टाकली. मग दुसऱ्या टोकापासून ती पुन्हा गुंडाळू लागले.

मोरेश्वर जरा दुखावला. "गुरुजी, एकही पीळ पडला नव्हता. चुकलं काय?"

"गुंडाळण्यात नाही चुकलं. पण प्लग कुठे गेला? सगळ्यांत आत. पुढच्या वर्षी लावणारा बोर्डापासून सुरुवात करणार, म्हणजे आधी सगळी माळ जमिनीवर सोडणार. गुंता तिथेच होतो. अरे, तू आपलं काम संपवायला गुंडाळलीस. गुंडाळायची ती पुढे ज्याच्या हाती जाणार, त्याच्यासाठी. तो बिचारा स्टुलावर उभा असेल, एक हात भिंतीला, घरात फराळाची घाई. आज आपल्याला सवड आहे, तेव्हा त्याला नसेल."

मोरेश्वरने वर आलेला प्लग नीट पाहून घेतला. घरी जाऊन त्याने पिशवीतला गुंता बाहेर काढला, दुपारभर बसून सोडवला आणि प्लग वर राहील अशी माळ गुंडाळून ठेवली. भिंतीत आकडेही ठोकले. हेमाने येता-जाता पाहिले, पण आपला शब्द काही मागे घेतला नाही.

पुढच्या धनत्रयोदशीला दुकानात गर्दी होती. दिवेलागण होऊन गेल्यावर तो घराकडे वळला, तर दर्शनी भिंत उजळलेली. हेमा उंबऱ्यापाशी रांगोळी घालत होती. माळ कोणी लावली, असे त्याने विचारले.

"मीच. कुकरची शिट्टी व्हायच्या आत झालीसुद्धा," मान वर न करता ती म्हणाली. "एवढ्यासाठी भांडत होतो होय आपण?"

माळ गुंडाळताना मोरेश्वरने स्टुलावर स्वतःलाच उभे कल्पिले होते. तो तिच्याजवळ बसला आणि रंगाची वाटी तिच्या हाताशी सरकवली.