मागलीची ओ

रविवार, सकाळचे सव्वासहा. धामणवाडीच्या देवळासमोरचं पटांगण. शहरातून आलेले अठरा जण, बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच डोंगर चढणारे. समोर एका ओळीत तीन शिखरं: ढवळ्या, मधला आणि सगळ्यात दूरचं, काळ्या कड्याचं, मागली. तिन्ही चढून दिवस मावळायच्या आत परत यायचं.

वाटाड्या भिवाबा मेंगाळ, वय बाहत्तर. रोज व्यायामशाळेत घाम गाळणाऱ्या प्रसाद शेलारांना त्यांनी पुढून काढून थेट शेवटी धाडलं.

"बाबा, मला सवय आहे चालायची."

"म्हणून तर मागं. ज्याला दम कमी तो पुढं. त्याच्या चालीनं बाकीची चालतील."

मग त्यांची नजर वैजयंती परचुरे यांच्या कोऱ्या बुटांवर गेली. "बाई, तुम्ही सगळ्यांच्या पुढं. आईचं नाव काय तुमच्या?"

"कुसुम. का हो?"

"मी हाक मारली की 'कुसुम' ओरडायचं. ज्यानं त्यानं आपापल्या आईचं नाव. 'हो' म्हणायचं नाय. या डोंगरात 'हो' चालत नाय."

"म्हणजे मी 'शकुंतला' ओरडू?" मागून शेलार.

"ओरडा की. आईला घरी उचकी लागंल, दुसरं काय!"

हा रिवाज कुठून आला, ते भिवाबांनी मधल्या शिखरावर, सगळे धापा टाकत बसल्यावर सांगितलं.

फार पूर्वी धामणवाडीवर तीन वर्षं पाऊस फिरकला नाही म्हणे. विहिरी आटल्या. पाणी उरलं ते फक्त मागलीच्या माथ्यावरच्या खडकातल्या टाक्यात. तेव्हा गावाने देवीला नवस बोलला: त्या वर्षी लग्न होऊन आलेल्या नऊ सुनांनी टाक्यातून नऊ घागरी भरून आणायच्या आणि सूर्य मावळायच्या आत देवीला न्हाऊ घालायचं. पाणी घेतल्यावर मागे वळून बघायचं नाही.

या नऊही सुना देशावरच्या, सपाट गावांतल्या. चढ त्यांनी पाहिलेला नव्हता. जन्म डोंगरात गेलेली धडधाकट माणसं गावात होती. ती खाली देवळात बसली आणि ज्यांना डोंगर चढता येत नव्हता त्यांना कड्यावर पाठवलं. हा न्याय कुणाचा, असं विचारल्यावर भिवाबा म्हणाले, "गावाचा. दुसऱ्या कुणाचा असणार?"

वाट दाखवायला बुधाजी नावाचा माणूस होता. पायाचा चपळ, तो पुढे. सगळ्यात मागे गऊ. वय पंधरा-सोळा, टाचा फुटलेल्या. बाकीच्या तिला चिडवत, "गऊ, सासरी पोचायला म्हातारी होशील गं!" ती हसून म्हणे, "व्हा पुढं. आलेच मी."

टाक्यापर्यंत नऊ जणी पोचल्या. घागरी भरल्या. परतीच्या वाटेवर ऊन कलू लागलं आणि बुधाजीने पावलं उचलली. मागे बघायची बंदी, म्हणून दर वळणावर तो "होऽ" अशी हाक घाली आणि बायका पुढून मागे, एकेक करून, "होऽ" अशी ओ देत. तो मोजत जाई.

मधल्या शिखरावर, आता हे सगळे बसले होते तिथेच, त्याने अशीच हाक घातली. आठ ओ आल्या. मग थोडा वेळ काहीच नाही. मग लांबून, बारीक, थकलेली अशी नववी ओ आली. दमलीय पोर, पण येतेय, असं म्हणून बुधाजी उतरणीला लागला.

देवळात घागरी उतरवून मोजल्या तेव्हा आठच निघाल्या.

बुधाजी तसाच उलटा धावला म्हणे. मागलीच्या कड्याच्या तोंडाशी घागर सापडली. काठोकाठ भरलेली, दगडाला नीट टेकवून ठेवलेली. गऊ सापडली नाही, ना वर, ना खाली.

आणि चौथ्या दिवशी पाऊस आला. सगळ्यात वाईट झालं ते हे. ओढे भरले, पेरण्या झाल्या, देवी पावली म्हणून ढोल वाजले. पोरगी कुठे गेली, हे विचारायला कुणाला सवड उरली नाही. देवीने तिला ठेवून घेतलं, असं ठरवून गाव मोकळं झालं.

"देवी म्हणाली होती का, मागं वळू नका म्हणून?" परचुरे बाईंनी विचारलं.

"देवी कशाला म्हणंल? ज्याला घाई असती तो म्हणतो."

मोकळा झाला नाही तो बुधाजी. रोज मधल्या शिखरावर येऊन तो तिला हाका मारी. एके दिवशी त्याने "गऊऽ" म्हटलं, तर समोरून "गऊऽ" आलं. त्याने "होऽ" म्हटलं. समोरचा काळा कडा थोडा थांबला आणि बारीक, थकल्या आवाजात "होऽ" म्हणाला. त्या दिवसापासून बुधाजी कुठल्याच डोंगरावर पुढे चालला नाही, असं सांगतात. नवा रिवाज त्यानेच घातला: मंद पायाचा पुढे, वाटाड्या मागे, आणि ओ अशी द्यायची की ती हाकेहूनही वेगळी असेल आणि दुसऱ्या कुणाच्या ओहूनही.

आजही तो पाळला जातो. त्या दिवशीही अठरा आयांची नावं कड्यावर आपटून परत आली आणि अठराही माणसं खाली उतरली.

धामणवाडीत आज सत्तर उंबरे आहेत, सगळे त्या आठ सुनांचे वंशज. आठही भावक्यांत ही गोष्ट सांगतात. कुणी म्हणतं आमची आजी बुधाजीच्या लगेच मागे होती, कुणी म्हणतं दुसरी, कुणी तिसरी. भिवाबा म्हणतात, आमची दुसरी. चौथ्या क्रमांकाच्या पलीकडे कुणाचीच आजी चालत नव्हती. एकच माणूस मावेल अशी ती वाट. कड्यावरून परत आला तो आठव्या बाईचा आवाज, आणि आपल्यामागे कुणाची पावलं वाजत नाहीत, हे एवढ्या वाटेवर फक्त तिलाच कळू शकत होतं. ती कुणाच्या घरची, हे धामणवाडीत आजवर कुणीही सांगितलेलं नाही.